बाळ नसलेलं बाळंतपण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक लुगडं पिळलं.

तिचंच जुनं लुगडं. मूळचं हिरवं, पण धुऊन धुऊन रंग उडालेला आणि कापड लोण्यासारखं मऊ झालेलं. विहिरीवर धुऊन तिनं ते अंगणात आणलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. नऊ वार ओलं कापड एकट्या माणसाला पिळता येत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून आपापल्या उजव्या हाताला फिरवायचं असतं, तेव्हा पीळ बसतो. मी तिच्याकडं बघून ती फिरवेल तसं फिरवत होतो, त्यामुळं लुगडं नुसतं गोल गोल फिरत होतं, पाण्याचा थेंब पडत नव्हता.

"अवो, माझ्याकडं बघू नका. आपल्या हाताकडं बघा."

"हाताकडंच बघतोय."

"व्हय तर! आख्खा जन्म दोऱ्या वळण्यात गेला आणि लुगड्याला पीळ घालता येत नाय."

"दोरी गप बसते गो. तुझ्यासारखी तोंड चालवत नाय."

ती हसली आणि हसताना तिच्या हातातलं टोक सुटलं. ओलं लुगडं तांबड्या मातीत पडलं. पुन्हा विहीर, पुन्हा धुणं. दुसऱ्या वेळेला मी आपल्या हाताकडं बघितलं आणि पीळ बसला. तिनं ते दांडीवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची, मांडवीच्या अंगाला आमचं घर होतं तेव्हाची. मी होडीवर कामाला होतो. शाळा चौथीपर्यंत, म्हणून जे लिहितोय ते जसं सुचतं तसं लिहितोय. लिहायचं कारण एवढंच की मागल्या वर्षी माझ्या मुलीची पित्ताची पिशवी दुर्बिणीनं काढली. ती घरी आल्यावर मी रोज सकाळ-संध्याकाळ विचारायचो, ताप हाय काय, उलटी झाली काय, पोट फुगलंय काय. तिसऱ्या दिवशी ती वैतागली. म्हणाली, "बाबा, तुम्ही डॉक्टर का?" तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आई ऑपरेशननं गेली, एवढंच तिला ठाऊक आहे. ते खरं आहे, पण अर्धं.

आम्हाला तीन मुलं झाली होती आणि पुरे झाली होती. आरोग्य खात्याची नर्सबाई वाडीत यायची. ती सांगायची, आता दुर्बिणीचं ऑपरेशन निघालंय, पोट फाडत नाहीत, बेंबीखाली एक टाका, सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी. ती मला पण म्हणाली होती, दादा, पुरुषांचं त्याहून सोपं असतं. मी हसून उडवून लावलं. पुरुषानं केलं तर अंगातली ताकद जाते, मग वल्हं कोण मारणार, असं आम्ही सगळेच बोलायचो. कुणी बघितलं नव्हतं, पण बोलायचो. तेव्हा बायको म्हणाली, "राहू दे बाई, ह्यांना सुई टोचली तरी तीन दिवस कण्हतात. मी जाते."

मग मी ठरवलं, की ह्या वेळी तिचं सगळं करायचं.

हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिचं पहिलं बाळंतपण राजापूरकडं माहेरी झालं, तिथं तिला काही कमी पडलं नाही. दुसरं आमच्याकडं, तेव्हा माझी आई हिंडती-फिरती होती. तिसऱ्याला मात्र आईची बोटं संधिवातानं वाकडी झालेली आणि मी समुद्रावर. तिला ना कुणी तेल लावलं, ना शेक दिला, ना पोट बांधलं. नवव्या दिवशी ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जाऊन बसली. मी किनाऱ्याला लागलो तेव्हा मला बाजारातच दिसली, पदराखाली मूल आणि पुढ्यात बांगडे. मला बघून म्हणाली, "आलात? दोन सुटे पैसे हायत काय?" ती ते विसरली असेल. मला ते कधी विसरता आलं नाही.

म्हणून ह्या ऑपरेशनचं कळलं तेव्हा मी आईला म्हटलं, "आये, ह्या वेळी तिला बाळंतिणीसारखं ठेवायचं. शेक, धुरी, लाडू, सगळं."

"बाळ नाय आणि बाळंतीण?" आई म्हणाली.

"पोटाला टाका पडणार ना? मग बाळंतीणच ती."

आईला ते पटलं. तिलाही आवडलंच असणार. मागच्या खेपेला काही करता आलं नाही ही बोच तिलाही होती. लुगडं धुतलं ते त्याचसाठी. पोट बांधायला जुनं, मऊ लुगडं लागतं.

ऑपरेशनचा कॅम्प हातखंब्याच्या पुढं एका शाळेत होता. आमच्या वाडीतून तिघी गेल्या: माझी बायको, शेजारची एक, आणि वाडीच्या टोकाच्या घरातली एक. न्यायला-आणायला जीप होती. मी बरोबर होतो. पौषातले दिवस, थंडी होती. वर्गातले बाक बाहेर काढून आत सतरंज्या घातल्या होत्या आणि ऑपरेशन झालेल्या बाया रांगेत झोपवल्या होत्या. डॉक्टर मुंबईहून आला होता. घाईत होता, पण उद्धट नव्हता. संध्याकाळी निघताना तिथल्या बाईनं सगळ्या नवऱ्यांना एकत्र उभं करून सांगितलं. ती काय म्हणाली ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"आत बघता यावं म्हणून पोटात वारा भरलेला असतो. त्यानं खांदा दुखेल. घाबरू नका, दोन दिवसांत जातो. पण ताप आला, पोट फुगलं, उलट्या झाल्या किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर वाट बघू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या."

मी मान हलवली. मोठा दवाखाना आमच्या घरापासून रिक्षानं पाव तासावर.

घरी आलो आणि आमचं बाळंतपण सुरू झालं. मागच्या खोलीत बाज, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, तिच्यावर ओवा आणि वावडिंग. रात्रीचा आराम झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट बांधायची वेळ आली, तेव्हा आईच्या बोटांना कापड ओढवेना. मग तिनं सांगायचं आणि मी बांधायचं असं ठरलं. बायको भिंतीला धरून उभी राहिली. मी घडी घातली, वेढे घेतले, बेंबीखालचा टाका सांभाळून घट्ट ओढलं आणि गाठ मारली. आम्ही होडी खुंटाला बांधतो ती गाठ. जितकी ओढ बसेल तितकी आवळते, आणि सोडायची कशी ते ठाऊक नसेल तर सुटत नाही.

"होडी बांधताय की बायको?" ती म्हणाली.

"पळून गेलीस तर?"

"कुठं जाते? तुमच्या आईचे लाडू संपल्याशिवाय नाय जात."

शेजारच्या घरात हे कळलं तसं तिथंही शेगडी पेटली. आमच्याकडं चाललंय तर त्यांनी मागं का राहायचं? शेजारीण म्हणाली तिलाही पोट बांधून हवं, आणि तिच्या नवऱ्याला गाठ येईना. तो माझ्याकडं आला. ओटीवरच्या खांबाला दोरी बांधून मी त्याला शिकवलं. वाडीच्या टोकाच्या घरातून पण माणूस आला बघायला. मी दोनदा करून दाखवलं. ऐटीत दाखवलं.

त्या दिवशी बायकोचा खांदा दुखत होता. "भरलेली पाटी घेऊन बाजारपेठेची चढण चढल्यासारखा," ती म्हणाली. आम्हाला आधीच सांगितलेलं होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मी तेल कोमट करून चोळून दिला. तिला ते आवडलं. एवढ्या वर्षांत मी तिचे खांदे कधी चोळले नव्हते. डोळे मिटून म्हणाली, "असं होणार ठाऊक असतं तर आधीच केलं असतं ऑपरेशन."

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आली. ती लांबची, घाटावरची, लग्न न झालेली, तिशीच्या आतली. दारातून वाकून आत बघितलं आणि तिला धुराचा ठसका लागला.

"हे काय चाललंय? दादा, ही बाळंतीण नाही हो. पोट कशाला बांधलंय?"

"आमच्यात बांधतात."

"सोडा ते. मला टाका बघायचाय. आणि पोट दाबून बघायचंय."

"आत्ता दोन तासांपूर्वी बांधलंय. पुन्हा कोण बांधणार?"

तिनं आत येऊन बायकोच्या कपाळाला हात लावला. "अंग गरम आहे हिचं."

"शेगडी हाय खाली," मी म्हटलं. "तुम्ही बसा बाजेवर, तुमचंही गरम होईल."

बायको पण म्हणाली, "बरी हाय मी बाई. जरा दुखतंय एवढंच."

"काल होतं त्यापेक्षा कमी की जास्त?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मला ते बघणं आजही दिसतं. तिला म्हणायचं होतं जास्त. पण मी दोन दिवस समुद्रावर न जाता घरी बसलो होतो, तिच्यासाठी निखारे घालत होतो, तेल तापवत होतो, आणि माझा तो आनंद तिला मोडायचा नव्हता. हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, "तेवढंच."

नर्सबाई हटेना. "दादा, एकदा सोडाच. पोट फुगलंय का ते वरून कळत नाही."

तेव्हा मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला किती पोरं झाली? माझ्या आईनं नऊ काढलीत. बाळंतिणीचं काय करायचं ते तिला ठाऊक हाय."

तिनं पिशवी उचलली. जाताना अंगणातून तेवढं म्हणाली, "उलटी झाली तर मात्र थांबू नका." आणि गेली.

आता मागं बघताना सगळं सोपं वाटतं. ताप होता, तो आम्ही शेगडीच्या नावावर घातला. पोट फुगत होतं, ते माझ्या गाठीखाली होतं. तिला श्वास अपुरा पडत होता, तर आई म्हणाली धुरामुळं. संध्याकाळी लाडवाचा घास तिच्यानं गिळवेना, तर मीच म्हटलं मेथी कडू लागत असेल, उद्या गूळ वाढवू. आम्ही तिला काही कमी पडू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली. हिरवी. मी तांब्या घेऊन जवळ गेलो तर तिच्या ओठांना रंग नव्हता आणि हात बर्फासारखे. शेगडी खाली फुललेली आणि तिचे हात गार.

"अवो," ती म्हणाली, "हे आता जास्त हाय."

मी तिला उचलून रिक्षात घातलं. पाव तास पण लागला नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला टेबलावर घेतलं आणि पोटावरचं लुगडं सोडायला गेली. गाठ सुटेना. मला बाहेर उभं केलं होतं. दार अर्धवट उघडं होतं. मी ओरडलो, "मी सोडतो, मला येऊ द्या." पण तिथं कोण कुणाचं ऐकतो? तिनं कात्री घेतली आणि चर्रकन कापत नेलं. लुगडं दोन्ही बाजूंना पडलं आणि तिचं पोट वर आलं. तिन्ही खेपांना सातव्या महिन्यात जेवढं दिसायचं तेवढं.

डॉक्टरनं बाहेर येऊन मला सांगितलं. दुर्बीण घालायच्या आधी वारा भरायला एक सुई घालतात, ती आत कुठं जाते ते डोळ्यांना दिसत नाही. क्वचित कुणाचं तरी आतडं तिच्या वाटेत येतं. त्याला भोक पडलं होतं, त्यातून घाण पोटात पसरली होती. आता पोट उघडावं लागेल.

"त्या डॉक्टरची चूक?" मी विचारलं.

"चांगल्या हातूनही होतं असं. म्हणून तर लक्ष ठेवायला सांगतात."

"काल आणली असती तर?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "लवकर आली असती तर सोपं गेलं असतं." खोटं बोलला नाही, ह्याबद्दल मी त्याचे उपकार मानतो.

आत नेण्यापूर्वी मला दोन मिनिटं तिच्याजवळ उभं राहू दिलं. नाकात नळी होती. तीच आधी बोलली.

"लुगडं कापलं ना त्यांनी?"

"व्हय."

"चांगलं होतं हो. फुकट गेलं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आत्ता मोकळं वाटतंय." आणि माझा हात घेऊन आपल्या खांद्यावर ठेवला. मी चोळत राहिलो. नेईपर्यंत चोळत राहिलो.

डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. संध्याकाळी सगळं आटोपून आम्ही घरी आलो. मुलांना माझ्या बहिणीकडं ठेवलं होतं. आई ओटीवर बसून आपल्या वाकड्या बोटांकडं बघत होती. मी तिला काही म्हटलं नाही. गाठ माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला मागल्या दारी गेलो, तर शेजारच्या मागच्या खोलीच्या कौलांतून धूर येत होता. ओव्याचा वास. शेजारीण अजून बाजेवर होती. बांधलेली होती. मी शिकवलेल्या गाठीनं.

मी तसाच निघालो. सुतकातला माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. पण मी आधी नर्सबाईच्या खोलीवर गेलो. दार वाजवलं. ती केस विंचरत होती, मला बघून फणी तशीच केसांत राहिली. तिला कळलेलं होतं.

मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी बोललो ते..."

"ते नंतर," ती म्हणाली. "बाकीच्या दोघी कुठं आहेत?" आणि पिशवी उचलली.

शेजारच्या अंगणात गेलो तसा शेजारणीचा नवरा पुढं आला. "दादा, अवो, तुम्हाला सुतक हाय, आत कुठं..."

"सुतक माझं, माझ्यापाशी राहू दे. पोट सोड तिचं."

"तिला बरं हाय. काल भात जेवली."

"सोड म्हटलं ना मेल्या!"

नर्सबाई आत गेली, तोही मागोमाग गेला. मी अंगणात उभा राहिलो. आतून कुजबुज ऐकू आली, मग खाटेचा करकर आवाज, मग शेजारणीचं रडं. ती घाबरली होती. आणि मग नवऱ्याचा आवाज, "सुटत नाय. कात्री हाय काय कुठं?"

कात्री म्हटल्यावर मी आत गेलो. कुणी अडवलं नाही. ती बाजेवर बसली होती, पदर तोंडावर घेतला होता. मी गुडघे टेकले. तिच्याकडं बघितलं नाही, आपल्या हाताकडं बघितलं. ही गाठ ओढून सुटत नाही. मागचा फेरा अंगठ्यानं पुढं ढकलायचा, मग ती आपोआप सैल पडते. अंगठ्याला ठाऊक होतं. फेरा सरकला. कापड सैल झालं. मी एक एक वेढा काढत गेलो आणि शेवटचा तिच्या नवऱ्याच्या हातात देऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

नर्सबाईनं शेगडी बाहेर न्यायला सांगितली. ती पोट दाबून बघत असावी, इथं दुखतं का, इथं, सोडल्यावर दुखतं का. शेजारीण नाय नाय म्हणत होती.

"ताप नाही," नर्सबाई म्हणाली. "पोट मऊ आहे."

"बघा पुन्हा," मी भिंतीला म्हटलं.

तिनं पुन्हा बघितलं. "मऊ आहे, दादा."

मी बाहेर येऊन त्यांच्या पायरीवर बसलो. काल जाळलं तेव्हा मला रडू आलं नव्हतं. आता आलं. नर्सबाई माझ्या शेजारी उभी राहिली, उठा म्हणाली नाही. जरा वेळानं मीच उठलो, पंच्यानं तोंड पुसलं, आणि आम्ही दोघं वाडीच्या टोकाच्या घराकडं चालायला लागलो.